धुऱ्यापर्यंत उठायचं नाही

संपादकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, इतकी वर्षं सरकारी दवाखान्यात काढलीत. काहीतरी हलकंफुलकं लिहा. दिवाळी अंक आहे." मी हो म्हटलं. चार वेळा लिहायला बसले आणि चारही वेळा दुसऱ्याच पानावर माझा आवाज चढला. तेव्हा संपादकांनी मला माफ करावं. निवृत्त झाल्यावर माणूस शांत होतो असं मला सगळ्यांनी सांगितलं होतं. मला निवृत्त होऊन चार महिने झाले आणि मी अजून भांडी आपटते आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. मी मालिशवाली नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्यात (गाव सांगत नाही, तिथे अजून लोक नोकरी करतात) अकरा नंबरच्या खोलीत मी फिजिओथेरपिस्ट होते. लोक मला 'शेकवाल्या बाई' म्हणायचे. पेशंट म्हणाले तर मला काही वाटत नसे, कारण माझ्या खोलीत शेक द्यायचं यंत्र होतं आणि चालू स्थितीतलं तेवढं एकच होतं. पण डॉक्टरही तेच म्हणायचे. चिठ्ठीवर लिहून पाठवायचे, "शेक द्या." कशाला, कुठे, किती, काही नाही. शेक द्या. पापड भाजायचा असल्यासारखं.

माझं खरं काम चालणं बघायचं होतं. माझ्या खोलीपुढे लांब व्हरांडा होता आणि खोलीचं दार मी मुद्दाम उघडं ठेवायची. पेशंट दिसायच्या आधी ऐकू यायचा. निरोगी माणसाचं पाऊल जवळजवळ बिनआवाजी पडतं. ज्याचा गुडघा दुखतो त्याचं एक पाऊल घाईत उचललं जातं. आणि एक आवाज असा होता की तो ऐकला की मी हातातलं काम टाकून दारात यायची. एक पाऊल साधं, दुसरं फट. साधं, फट. साधं, फट. म्हणजे पाऊल पडलेलं आहे. माणूस नाही, नुसतं पाऊल.

हे जरा समजावून सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. आपण चालतो तेव्हा पाय गुडघ्यात वाकतो, पुढे येतो, आणि त्याच वेळी पाऊल घोट्यातून वर उचललं जातं. फार नाही. अंगठा जमिनीपासून बोटभर सुटतो, बस. पण तो बोटभर सुटला नाही तर माणूस प्रत्येक पावलाला ठेचकाळेल. हे उचलण्याचं काम नडगीच्या पुढचा स्नायू करतो. मग टाच टेकते. आता तोच स्नायू पाऊल एकदम सोडून देत नाही. विहिरीत बादली सोडताना आपण दोर हातातून सरसर न सोडता बेताबेतानं सोडतो, तसं तो पाऊल खाली सोडतो. म्हणून आवाज होत नाही. पुढे अंगाचं वजन पावलावर येतं, पोटरी ते तोलून धरते, टाच उचलते आणि अंगठा जमिनीला रेटा देतो. पुढचं पाऊल. हे सगळं तुम्ही भाजी काय करायची याचा विचार करत असताना होतं. नांगरलेल्या वावरातून चालताना ढेकळावर पाय तिरपा पडला तर तळव्याकडून वर खबर जाते आणि तुम्हाला कळायच्या आधीच घोटा सावरलेला असतो. मी हे आयुष्यभर बघितलं आणि अजून मला त्याचं नवल वाटतं.

नडगीच्या त्या स्नायूला हुकूम पोहोचवणारी नस कंबरेतून निघते, मांडीच्या मागून गुडघ्यापर्यंत येते आणि तिथे एक वेडेपणा करते. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, जरा खाली, हाडाचा एक गोल उंचवटा हाताला लागतो. वाचताय तर लावून बघा. ती नस त्या उंचवट्याखाली वळसा घालून पुढे जाते आणि तिथे तिच्यावर कातडीशिवाय जवळपास काही नसतं. सबंध पाऊल उचलणारी नस, आणि अंगावर पांघरूण नाही. तिथे ती दबली की पाऊल लोंबतं. माणूस गुडघा उंच उचलून चालायला लागतो, चिखलातून चालल्यासारखा, आणि चप्पल पायात राहत नाही. मी पेशंटच्या तोंडाच्या आधी चपला बघायची. डाव्या चपलेचं नाक घासून गेलेलं आणि उजवीचं शाबूत, की अर्धं निदान तिथेच. एक निवृत्त तलाठी यावरून माझ्यावर रागावले होते. "मी दवाखान्यात आलो की चांभाराकडे?" म्हणाले. पण पुढच्या खेपेला दोन्ही चपला पुसून आले.

आता ती नस दबते कशी? पायावर पाय टाकून किंवा मांडी घालून तासन् तास बसलं की दबते. आणि उकिडवं बसलं की दबते. उकिडवं बसल्यावर गुडघा पूर्ण मिटतो आणि नस चिमट्यात सापडते. पाच मिनिटांनी मुंग्या येतात, आपण उठतो, संपलं. पण सोयाबीनच्या सोंगणीत, म्हणजे कापणीत, कोणी उठत नाही.

आमच्याकडे सोंगणी बायांची टोळी उक्ती, एकरी भाव ठरवून, घेते. दसऱ्याच्या आगेमागे सगळ्यांचंच सोयाबीन एकदम वाळतं, उशीर झाला की शेंगा फुटून दाणे वावरातच पडतात, म्हणून घाई. बाया ओळीनं बसतात, विळा चालवत उकिडव्याच पुढे सरकतात आणि एका धुऱ्यापासून, म्हणजे बांधापासून, दुसऱ्या धुऱ्यापर्यंत उठत नाहीत. पाणी पिणं धुऱ्यावर, कंबर सरळ करणं धुऱ्यावर. कोणी मध्येच उभी राहिली की सगळी रांग हसते. "पाटलीनबाई उठल्या व!" म्हणतात. त्या हसण्याला बाया जितक्या भितात तितक्या सापालाही भीत नाहीत. मी हे वावरात जाऊन बघितलेलं आहे. सकाळी बसलेली बाई, तिच्या पायाला मुंग्या येऊन, मुंग्या जाऊन, पाय बधिर होऊन दोन तास झालेले, आणि ती विळा चालवते आहे. आठ-दहा दिवस असं गेलं की एका संध्याकाळी ती उठते आणि पाऊल उचललं जात नाही. मग तांड्यावर, गावात, सगळे एकच शब्द बोलतात. लकवा.

दरवर्षी दिवाळीच्या तोंडावर अशा चार-पाच बाया माझ्या व्हरांड्यात फट फट करत यायच्या. दवाखान्यातल्या कोणालाही त्यांची आणि सोयाबीनची सांगड घालावीशी वाटली नाही.

म्हणजे, बसण्याची आणि पायाची सांगड एकदा घातली गेली होती. नेरचे एक कापड दुकानदार होते. दिवसभर गादीवर मांडी घालून बसायचे. मोठं आजारपण निघालं, अंगावरचं मांस गेलं आणि नसेवरचं उरलंसुरलं पांघरूणही गेलं. पाऊल पडलं. त्यांनी पहिल्यांदा आमच्या व्हरांड्याच्या फरशीलाच दोष दिला, गुळगुळीत आहे म्हणाले. तेव्हाचे आमचे हाडांचे साहेब स्वतः उठून त्यांना तपासायला आले. गुडघ्याखाली टिचकी मारली आणि हसून म्हणाले, "शेटजी, काही नाही झालं. मांडी घालू नका. खुर्ची घ्या." शेटजींनी खुर्ची घेतली आणि तीन महिन्यांत बरे झाले. तेव्हा साहेबांना येत नव्हतं असं कोणी म्हणू नये. साहेबांना उत्तम येत होतं.

त्याच वर्षी थावरीबाई आली.

बोरी अरबच्या बाजूला एक बंजारा तांडा आहे, तिथली. थावरीबाई राठोड, तेव्हा पंचेचाळिशीची, सोंगणीच्या टोळीतली सगळ्यात पुढे सरकणारी. डावी स्लिपर लुगड्याच्या चिंधीनं घोट्याला बांधलेली होती, निसटू नये म्हणून. तांड्यावर कोणीतरी कबुतराचं रक्त चोळायला सांगितलं होतं, ते चोळून झालं होतं. कबुतराचं रक्त धुऊन तरी जातं.

मी तिला तपासलं. पाऊल वर उचल म्हटलं, उचललं नाही. मग म्हटलं, पाऊल आत वळव, दुसऱ्या पायाच्या तळव्याकडे. ते तिनं इतक्या जोरात वळवलं की माझा हात ढकलला गेला. इथे सगळा निवाडा आहे. पाऊल आत वळवणाऱ्या स्नायूची नस गुडघ्याच्या मागून सरळ खाली जाते, त्या उंचवट्याच्या वाटेला जात नाही. पण दोन्ही नसांचं मूळ कंबरेत एकाच ठिकाणी आहे. दुखणं कंबरेत असतं तर पाऊल वर जाणंही गेलं असतं आणि आत वळणंही. एक गेलं, एक शाबूत, म्हणजे बिघाड गुडघ्यापाशी. यंत्र लागत नाही. हात लागतो आणि दोन मिनिटं लागतात.

मी कागदावर तसं लिहिलं आणि साहेबांकडे घेऊन गेले. त्यांच्या टेबलावर थावरीबाईच्या कंबरेचा फोटो होता. पंचेचाळिशीपर्यंत ओझं वाहिलेल्या कोणत्याही बाईच्या कंबरेचा फोटो काढा, त्यात काहीतरी निघतंच. "मणक्यात गॅप आहे," ते म्हणाले. "शहरात पाठवतो. सरकारी योजनेत बसतं, ऑपरेशन फुकट होईल."

मी म्हटलं, "सर, शेटजींसारखंच आहे हे. सोंगणीनं."

"शेटजींचं वेगळं," ते म्हणाले. "मॅडम, निदान आमच्याकडे राहू द्या. तुम्ही शेक द्या."

माझा कागद त्यांनी घडी करून मला परत दिला. मी तो पर्समध्ये टाकला आणि खोलीत येऊन थावरीबाईला शेक दिला. ती विचारत होती, "काय म्हंते डाक्तर?" मी म्हटलं, "साहेब सांगतील."

शहरात तिच्या मणक्यात स्क्रू बसले. आणि पुढे जे झालं ते मी आजही शांतपणे सांगू शकत नाही. तिचा पाय बरा झाला. होणारच होता! ऑपरेशननंतर तीन महिने तिला खाली बसायला सक्त मनाई होती. तीन महिने नसेवर दाब नव्हता, नस आपली आपण उठली. श्रेय कोणाला गेलं? स्क्रूंना. थावरीबाई चालत दवाखान्यात आली, साहेबांना बुंदीचे लाडू घेऊन आली, आणि एक मलाही दिला. साहेब म्हणाले, "बघा मॅडम." मी तो लाडू खाल्ला.

कंबर मात्र तिची गेली. ती पुन्हा कधी वाकली नाही. खाली पडलेलं उचलायचं तर आधी गुडघे टेकायचे, मग पाठ ताठ ठेवून हात घालायचा. पण तांड्यावर ती ऑपरेशनवाली झाली. पुढच्या सोंगणीत ज्या बायांचे पाय पडले त्यांना ती स्वतः शहरात घेऊन गेली. मला नंतर कळलं, एक नाही, तिघी. त्या तिघींपैकी एकीलाही मी अडवलं नाही. एक तर माझ्या खोलीपर्यंत आलीच नाही, दोघींना मी शेक दिला.

आठ वर्षं गेली. साहेबांची बदली झाली. माझ्या नोकरीची शेवटची दिवाळी जवळ आली होती. व्हरांड्यात आवाज आला. साधं, फट. साधं, फट. मी दारात गेले. थावरीबाई ताठ पाठीनं पुढे, मागे तिची सून ललिता, सव्वीस-सत्तावीस वर्षांची, डावी चप्पल चिंधीनं बांधलेली. बरोबर थावरीबाईचा मुलगा प्रकाश, हातात फोटोचं मोठं पाकीट. मला भेटायला ते आलेच नव्हते. योजनेच्या कागदावर सरकारी दवाखान्याचा शिक्का हवा होता. ऑपरेशन सोमवारी ठरलं होतं. तो बुधवार होता.

मी व्हरांड्यातच आडवी उभी राहिले. "आत या," म्हटलं.

प्रकाश म्हणाला, "मॅडम, आमाले फक्त शिक्का पायजे."

"शिक्का कुठे पळत नाही. आत या."

ललिताला टेबलावर बसवलं. कंबर दुखते का? "नाई." कधी दुखली होती? "नाई जी. कंबरेले काईच नाई झालं." मग काय झालं? "सोंगून राह्यलो होतो. नव्वा दिवस होता. धुऱ्यावर उठली त पायच नाई उचलला." पाऊल वर. नाही. पाऊल आत. माझा हात ढकलला गेला. गुडघ्याखाली बोटानं टिचकी मारली तर ती दचकली. "करंट गेला बाई, अंगठ्यापावतर!"

मी प्रकाशला सांगितलं, हिची नस इथे दबली आहे, कंबरेत नाही. खाली बसणं बंद, पायाला पट्टी, आणि वाट बघायची. ऑपरेशन करू नका.

थावरीबाई भडकली. "वाट पायत बसाची? माही सून लंगडी राह्यली त लेकरं कोन पाहीन, तुमी? माहा पाय असाच पडला होता. ऑपरेशन केलं न उठला. साऱ्या तांड्यानं पायलं."

माझाही आवाज चढला. "ऑपरेशननंतर किती दिवस खाली बसल्या नाहीत?"

"तीन महिने. डाक्तरनं कसम घालून सांगतलतं."

"सोंगणीला गेल्या होत्या?"

"कायले जाईन? कंबरेत लोखंड घेऊन?"

"मग पाय कशानं उठला, थावरीबाई? लोखंडानं की न बसल्यानं?"

ती बोलायला गेली आणि थांबली. मग प्रकाशशी गोरबोलीत, त्यांच्या बंजारा बोलीत, काहीतरी बोलली. मला ती भाषा येत नाही, पण प्रकाशनं पाकीट काखेत धरलं आणि शिक्क्याचं नाव पुन्हा काढलं नाही.

नसेची तपासणी करायची सोय नागपूरला. मी फोन केला, दीड महिन्यानंतरची तारीख मिळाली. ऑपरेशनची तारीख पाच दिवसांत आणि तपासणीची दीड महिन्यानं! यावर मी फोनवर जे बोलले ते अंकात छापता येणार नाही. मग पट्टीसाठी कपाट उघडलं. पाऊल वर धरून ठेवणाऱ्या पट्ट्या मी तीन वर्षं मागत होते. आदल्या वर्षी बारा आल्या होत्या. बाराही उजव्या पायाच्या. ललिताचा पाय डावा.

शेवटी प्रकाशला वावरातला प्लास्टिकचा जाड पाइप आणायला सांगितला. दुसऱ्या दिवशी दवाखान्यामागच्या चहावाल्याच्या भट्टीवर तो तापवून मऊ केला, उभा चिरला, पोटरीच्या मागून तळव्याखाली येईल असा वाकवला आणि आतून जुन्या स्लिपरचा रबर चिकटवला. चहावाला म्हणाला, "मॅडम, पेंशन नाही पुरली तर धंदा चांगला हाये." ललितानं तो पाइप बांधून व्हरांड्यात फेरी मारली. फट आवाज बंद झाला. तिला हसू आलं आणि लगेच रडू.

पण खरी परीक्षा पुढे होती आणि ती तिची नव्हती, माझी होती. मी त्या घराचं ऑपरेशन थांबवलं होतं. दबलेली नस कधी लवकर उठते, कधी आतून तुटलेली असते आणि महिन्याला बोटाच्या पेराएवढी वाढत येते. कधी येतच नाही. हे मला माहीत होतं आणि मी त्यांना सांगितलंही होतं, पण सोमवार टळला पाहिजे म्हणून जरा हळू आवाजात सांगितलं होतं. ललिता दर मंगळवारी जीपनं यायची. पहिला महिना, काही नाही. दुसरा, काही नाही. मधे नागपूरचा कागद आला, दाब गुडघ्यापाशीच होता. मी तो कागद साऱ्या दवाखान्यात दाखवला. पण कागदानं पाय उचलला जात नाही. तिसऱ्या महिन्यात प्रकाश एकटाच आला आणि दारातूनच म्हणाला, "मॅडम, तांड्यावर लोक हासून राह्यले. शेकवालीच्या नादी लागला म्हंतेत. म्या पुन्हा तारीख घेऊ का?" मी म्हटलं, अजून एक महिना. तो म्हणाला, "तुमी त रिटायर होऊन जासान."

फेब्रुवारीत एका मंगळवारी थावरीबाईही आली होती. मी ललिताचा पाइप सोडला, पाय मांडीवर घेतला आणि नेहमीसारखं म्हटलं, "वर." पाऊल हललं नाही. पण घोट्याच्या पुढे, कातडीखाली, एक दोरी उमटली आणि गेली. "पुन्हा." पुन्हा उमटली. चौथ्या वेळेला अंगठा थरथरला आणि तांदळाच्या दाण्याइतका वर आला. मी काहीतरी ओरडले असणार, कारण शेजारच्या खोलीतून सिस्टर धावत आली.

मार्चअखेर ललिता पाइप हातात घेऊन व्हरांड्यातून चालत आली. बिनआवाजी. प्रकाशनं देवाला बोकड कबूल केला होता, तेव्हा श्रेय देवाला गेलं. जाऊ दे. देव कोणाला स्क्रू बसवत नाही.

त्या दिवशी ललिता आणि प्रकाश जीप बघायला बाहेर गेले. थावरीबाई बाकावर बसून राहिली. मांडीवर बुंदीच्या लाडवांचा डबा होता.

"बाई, येक इचारू?" ती म्हणाली. "माह्या टाइमाले तुमाले हे मालूम होतं?"

मी खोटं बोलू शकले असते. तपासणी नव्हती, खात्री नव्हती, असं काहीही चाललं असतं. मी म्हटलं, "हो."

"मंग सांगतलं काहून नाई?"

"साहेबांना सांगितलं होतं मी. लिहूनही दिलं होतं."

"साहेबाचं नाई इचारत मी. मले काहून नाई सांगतलं? मी त तुमच्यापुढंच झोपली होती. शेक देऊन राह्यल्या होत्या तुमी."

मी तिला सांगायला लागले. साहेबांनी गप्प राहायला सांगितलं होतं. माझी मुलगी तेव्हा दहावीला होती, बदली झाली असती. सगळे हसले असते, शेकवाली निदान करायला लागली म्हणून. हे सगळं खरं होतं, आणि बोलता बोलता मलाच त्याची शरम वाटायला लागली. थावरीबाईनं पूर्ण ऐकून घेतलं. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

"म्हंजे तुमी बी धुऱ्यापावतर उठल्या नाई," ती म्हणाली.

मग तिनं डब्यातला एक लाडू काढून माझ्या टेबलावर ठेवला, दोन्ही हात बाकावर टेकले आणि पाठ न वाकवता उभी राहिली. डब्याचं झाकण खाली पडलं होतं. मी उचलायला गेले तर तिनं हातानं थांबवलं. एक गुडघा टेकला, मग दुसरा, झाकण घेतलं, आणि बाकाला धरून पुन्हा उठली. याला बराच वेळ लागला. मी उभी राहून बघत होते.

तो लाडू माझ्यानं खाल्ला गेला नाही. मे महिन्यात मी निवृत्त झाले. थावरीबाईच्या वेळचा माझा घडी केलेला कागद अजून पर्सच्या आतल्या कप्प्यात आहे, आणि मी संपादकांकडे हा लेख पाठवते आहे कारण आता मला कोणी बदलीची भीती घालू शकत नाही. माझ्या रांगेचा धुरा आला आहे. आता उठून उभं राहायला काहीच लागत नाही.